ओळ उचलणारा आवाज

घर घ्यायचं म्हटलं की लोक नळ सोडून बघतात, छताला ओल आहे का ते बघतात. माझा थोरला भाऊ लेम्युएल यातलं काही बघत नव्हता. फिनिक्सला तो म्हातारपणाचं घर शोधायला आला तेव्हा प्रत्येक वसाहतीच्या हॉलमध्ये मधोमध उभा राहायचा, टोपी काढायचा, भजनाची एक ओळ टाकायचा आणि कान देऊन थांबायचा.

आमच्यात ओळ टाकणं म्हणजे काय ते थोडं सांगते. पूर्वी, गुलामीच्या काळात, आमच्या काळ्या माणसांना वाचता येत नव्हतं आणि अख्ख्या चर्चमध्ये पुस्तक एकच असायचं. मग एका जाणत्याने, म्हणजे डीकनने, ओळ भरभर सांगायची आणि सगळ्यांनी ती उचलून लांबवत, घोळवत, नदी वळणं घेते तशी गायची. पेटी नाही, ढोल नाही. पुढे सगळ्यांना वाचता आलं, तरी रीत राहिली. डेट्रॉइटच्या आमच्या चर्चमध्ये लेम तरुणपणापासून ओळ टाकत आला. पाद्रीबुवा प्रवचनाच्या शेवटी बोलता बोलता सुरात शिरत, आणि आम्हाला अंगावर काटा येई, पण ती भट्टी सकाळीच लेमने पेटवून ठेवलेली असे.

मग नवा पाद्री आला. भला तरुण, पण त्याने भिंतीवर पडदा लावला आणि भजनाचे शब्द त्यावर झळकू लागले. शब्द समोर दिसतात म्हटल्यावर सांगणाऱ्याचं काय काम? लेमला कोणी नको म्हटलं नाही. फक्त एका रविवारी त्याने ओळ टाकली आणि लोक पडद्याकडे बघत बसले. त्या हिवाळ्यात त्याचे गुडघे अचानक फार दुखायला लागले. बर्फ सोसत नाही, तीन मजल्यांचं घर झेपत नाही, मुलं पांगली, असं सगळ्यांना सांगून त्याने घर विकायला काढलं. गुडघे खरंच दुखत होते, त्यात खोटं नाही. पण मला फोनवर तो म्हणाला, "झेला, मरायच्या आधी जिथे माझ्या ओळीला उत्तर येईल तिथे मला राहायचंय. ऊन तर तुमच्याकडे फुकटच आहे."

मी इथे लग्न करून आले ती इथलीच झाले. म्हणून गाडी हाकायला मी, मागे लेम आणि त्याची बायको वर्लीन. वर्लीन मोजकं बोलणारी. नवऱ्यावर रागावली की त्याला 'डीकन' म्हणते आणि 'अहो-जाहो' करते, एरवी नुसतं लेम.

ऑक्टोबरात ते दोघं आले तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना शहराच्या दक्षिणेला मेस्किटच्या वसाहतीत नेलं. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण दारातल्या मोठ्या मेस्किटच्या झाडामुळे आम्ही सगळे तसंच म्हणतो. बैठी घरं, पत्र्याच्या पडव्या, पडवीत झुलत्या खुर्च्या. लुइझियाना, ओक्लाहोमाकडून कापूस वेचायला इकडे आलेल्यांची मुलं आता तिथे म्हातारी झाली आहेत. त्या दिवशी मात्र वसाहत सुनसान होती. फाटकावरचा माणूस म्हणाला, सगळी मंडळी दफनाला गेलीत. हॉलमध्ये टेबलांवर झाकलेली भांडी मांडून ठेवली होती, वाळा घातलेला जुना कूलर टपटप गळत होता.

मी म्हटलं, "लेम, तासाभरात येतील सगळी. इथेच जेवायचंय त्यांना. थांबूया."

"मी काय दुसऱ्याच्या मयताचं जेवायला डेट्रॉइटहून आलो?" असं म्हणून त्याने टोपी काढली आणि ओळ टाकली. ती ओळ त्याची स्वतःची, आमच्या आजोबांच्या तोंडून आलेली. *पाण्यावाचून वाट माझी, हात तुझा दे.*

हॉल रिकामा. कूलरची टपटप. मग मागून, अगदी हळू, वर्लीनने ओळ उचलली. लांबवली, वळवली, खाली आणून ठेवली.

लेम हसायला लागला. "तुझं धरायचं नाही गं. मी शिंकलो तरी तू आमेन म्हणतेस."

मीही हसले. वर्लीन खिडकीतून एका पडवीकडे बघत होती. तिथे कोणीतरी डब्यात पुदिना लावला होता. ती म्हणाली, "मला इथे बरं वाटतंय, लेम." एवढंच. लेमने टोपी घातली.

दुसऱ्या दिवशी तळ्याच्या वसाहतीत गेलो. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वाळवंटात खणून पाणी भरलेलं तळं, त्यात बदकं, सगळी घरं एकाच फिक्या रंगाची. दुसरा रंग लावायला तिथे मनाई आहे. नातवंडं आली तर दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायची नाहीत, हेही घरं दाखवणाऱ्या मुलीने गोड शब्दांत सांगितलं. तिने आम्हाला गोल्फच्या छोट्या गाडीतून फिरवलं, लिंबू सरबत दिलं. पोहायच्या तलावापाशी वर्लीन माझ्या कानाशी लागून म्हणाली, "इथे माणसं ओली होत असतील का गं? सगळ्यांचे केस किती नीट आहेत."

हॉल मात्र देखणा होता. उंच लाकडी छत. लेमने मान वर करून बघितलं, आणि मला कळलं की आता त्याला धीर धरवणार नाही. त्याने ओळ टाकली. दाखवणाऱ्या मुलीचं तोंड उघडंच राहिलं.

आणि भिंतीपलीकडून, जिथे स्वयंपाकघराची खिडकी होती तिथून, एका बाईने ओळ उचलली. जाड, भरदार, गावाकडचा आवाज. अशी घोळवून आणली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या खिडकीकडे निघाले, तर लेमने हात आडवा केला.

"राहू दे झेला. प्रभू बोलला की त्याला नाव-गाव विचारायचं नसतं."

त्याच दुपारी त्याने सही केली. परत येताना वर्लीन गाडीत म्हणाली, "ती बाई कोण होती, एवढं तरी विचारायचंत."

"विचारून काय करू? उत्तर आलं ना?"

"उत्तर कालही आलं होतं, डीकन."

लेम बाहेरचे निवडुंग बघत होता. त्याला ऐकू आलं की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

ते राहायला आले. डेट्रॉइटचं अर्धं सामान वाटून टाकलं, वर्लीनचं लांबलचक जेवणाचं टेबलही, कारण नव्या घरात ते मावेना. पहिल्या रविवारी हॉलमध्ये उपासना होती. लेम कोट घालून सगळ्यांच्या आधी गेला, पहिल्या रांगेत उभा राहिला आणि ओळ टाकली. माणसं थबकली. अतिशय सभ्य माणसं होती ती. एकाने त्याला खुर्ची दिली. शेजारचे वेंडेल नावाचे निवृत्त दंतवैद्य, आयोवाचे, त्यांनी हळूच विचारलं की बरं वाटत नाहीये का, पाणी आणू का. मग बाजाची पेटी वाजली, प्रवचन झालं. चहा निवायच्या आत संपलं. संध्याकाळी वेंडेलच्या बायकोने कोंबडीचं सूप आणून दिलं. वर्लीन ते गरम करताना मला फोनवर म्हणाली, "तुझ्या भावाने गायलं आणि लोकांना वाटलं त्याला काहीतरी होतंय."

त्या आवाजाचा शोध लेमने मग घेतला. ती डोरेथा, दुपारच्या स्वयंपाकाला यायची. राहायची माझ्या घराजवळ, आणि रविवारी तिच्या तिच्या चर्चला जायची. लेम खिडकीशी जाऊन तिच्यासमोर टोपी काढून उभा राहिला. ती बिचारी ओशाळली. म्हणाली, "डीकन, मी कांदे चिरत होते. ओळ कानावर पडली आणि तोंडातून निघून गेलं. लहानपणची सवय." लेमने तिचे आभार मानले. इस्टरच्या आधीच ती लेकीकडे टल्साला निघून गेली.

लेमने त्यानंतर त्या हॉलमध्ये ओळ टाकली नाही. घरातही नाही. तळ्याकाठी बसायचा. गाडी त्याने केव्हाच सोडली होती, नजर अधू झालेली. मला जमेल तेव्हा मी त्याला माझ्या इथल्या चर्चला आणायची, पण तिथे आमचा डीकन आहे, त्याच्या जागी लेम कसा उभा राहणार? पाहुण्यासारखा बसायचा.

वसंतात आमच्याकडे मेम्फिसचे एक पाद्री आले. गाऊन प्रवचन सांगणारे. असे की शेवटच्या भागात शब्द नुसते तरंगतात, आणि माणूस स्वतःच्या नकळत उभा राहतो. मी लेमला आणलं. वर्लीन म्हणाली, माझं डोकं दुखतंय, तुम्ही जा. प्रवचन झाल्यावर जेवणाच्या रांगेत आमच्यापुढे मदर पिनेल होत्या, मेस्किटच्या वसाहतीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. मी लेमची ओळख करून दिली, डेट्रॉइटला ओळ टाकायचा म्हणून सांगितलं.

त्यांनी ताट खाली ठेवलं. म्हणाल्या, "आमचा ब्रदर आयसम गेल्या ऑक्टोबरात गेला. तोच आमची ओळ टाकायचा. बुधवारची प्रार्थना आता मुकी असते, बाबा. थडग्याशी उभं राहून आम्ही देवाकडे दुसरं काही मागितलं नाही. म्हटलं, एक ओळ टाकणारा धाड."

लेमने विचारलं, दफन कोणत्या दिवशी झालं. हॉलमध्ये झाकलेली भांडी होती का.

"होती की. सगळ्यांनी करून आणलं होतं. तुला कसं ठाऊक?"

"मी उभा होतो तिथे," लेम म्हणाला.

मदर पिनेल जवळ आल्या. मग त्याच्या बाहीवर हात ठेवून म्हणाल्या, "मग थांबला का नाहीस रे? भरपूर जेवण होतं."

त्या वसाहतीत आता एकही घर रिकामं नव्हतं. आणि असतं तरी तळ्याचं घर विकून पुन्हा उठायचं बळ कुणात होतं? लेमने घरी विषय काढला तेव्हा वर्लीन म्हणाली, "मी आता खोकी बांधणार नाही." रागाने नाही. भाजी संपली म्हणावं तसं.

तरी एका बुधवारी मी त्याला मेस्किटच्या हॉलमध्ये नेलं. वर्लीनला चल म्हटलं, तर ती म्हणाली, कपडे वाळत घालायचेत. हॉल भरला होता. कूलर तसाच गळत होता. लेमने टोपी काढली आणि आजोबांची ओळ टाकली. काय सांगू! सगळ्या म्हाताऱ्या गळ्यांनी ती एकदम उचलली, छताचा पत्रा थरथरला असेल. मदर पिनेल डोळे मिटून रडत होत्या. मला वाटलं, देवाने उशिरा का होईना, दिलं.

लेम मात्र दुसऱ्या ओळीला अडखळला. मान वळवून मागे बघितलं. तिसरीलाही. लोकांनी सांभाळून घेतलं.

गाडीत बसल्यावर त्याने टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मागून कोणी उचलली नाही गं."

"अख्खा हॉल गात होता, लेम."

"तो समोरून. मी मागून म्हणतोय." थोड्या वेळाने म्हणाला, "डेट्रॉइटला माझ्या पाठीमागे, दुसऱ्या बाकावर वर्लीन बसायची, तिथून यायचा तो आवाज. सगळ्यांच्या आधी. त्याच्यावर पाय देऊन मी पुढची ओळ घ्यायचो, झेला. मला वाटायचं सगळं चर्च उत्तर देतंय."

घरी पोचलो तेव्हा उन्हं तळ्यावर उतरली होती. वर्लीन ओट्याशी उभी राहून कोलार्डच्या भाजीची पानं धूत होती, आमच्याकडे पाठ करून. मी टेबलाशी बसले. लेम बसला नाही. टोपी काढून हातात धरली आणि त्याने ओळ टाकली. हळू, जवळजवळ बोलल्यासारखी. *पाण्यावाचून वाट माझी, हात तुझा दे.*

वर्लीनने नळ बंद केला.

तिचे खांदे वर गेले, ओळ घ्यायच्या आधी छाती भरतात तसे. बाहेर बदकं ओरडत होती. लेमने टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

मग खांदे खाली आले. तिने कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि मागे न वळताच विचारलं, "मक्याचा पाव गरम करू का, की तिकडेच खाऊन आलात, डीकन?"

"कर," लेम म्हणाला. "थोडा."

तिने नळ पुन्हा सोडला. लेम तिथेच उभा होता, मान थोडी तिरकी करून. पाण्याच्या आवाजात काही आहे का, ते ऐकत.