दहापैकी आठ

माणसाचं मन मोजता येतं. दहापैकी मोजता येतं, दर शनिवारी सकाळी अकरा वाजता, संस्थेच्या मुरबाड कार्यालयात, चहा यायच्या आत.

हरेश मार्कर घेऊन भिंतीवरच्या तक्त्यापाशी उभा होता. समोर त्याचे पाच कार्यकर्ते गोल करून बसले होते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांत जाऊन तरुण पोरांशी आणि त्यांच्या घरच्यांशी मनावरच्या ताणाबद्दल बोलायचं, हे त्यांचं काम. दुसऱ्यांची मनं सांभाळणाऱ्यांचीही मनं सांभाळली पाहिजेत, असं ठाण्याच्या मुख्य कार्यालयाला एका कार्यशाळेत कळलं होतं. म्हणून हा तक्ता. ज्यानं त्यानं आपला आकडा सांगायचा, हरेशनं तो नावापुढे लिहायचा. आकडा पाचाच्या खाली गेला तर दोन पानी फॉर्म, पंधरा दिवस गावात जाणं बंद आणि ठाण्याला समुपदेशन. त्यामुळे दीड वर्षात पाचाच्या खाली कोणी गेलं नव्हतं.

"आठ," रितेश म्हणाला. तो नेहमीच आठ असायचा. मोटरसायकल चोरीला गेली त्या आठवड्यात साडेसात होता.

"पूजा?"

"तीन."

"तीन काय गो," रितेश हसला, "दहावीचा गणिताचा पेपर हाय का?"

"नाय रे. तीनच."

मग चहा आला.

पूजा तेवीस वर्षांची, धसईजवळच्या भातशेतीवाल्या घरातली. गोदामात कामाला जाणाऱ्या पोरांच्या आया नवऱ्याला सांगत नसत ते तिला सांगत. अशी एकोणीस घरं तिच्याकडे होती. त्या घरांत जे बोलायची सोय नव्हती, ते सगळं घेऊन ती रोज संध्याकाळी धसईच्या एसटीत बसायची.

हरेश माणूस वाईट नव्हता. पुढे त्यानं स्वतःला हे बऱ्याचदा सांगितलं. तो म्हशाजवळ वाढलेला. तालुका ओळखून होता. कार्यालयात येणारा-जाणारा प्रत्येक जण तो तक्ता वाचायचा. लग्नाच्या मुलीच्या नावापुढे तीन लिहिलं असतं, तर ते तिच्याआधी धसईला उतरलं असतं आणि बोलणी चालू असलेलं स्थळ वाटेतूनच मागं फिरलं असतं. शिवाय पुढच्या आठवड्यात शहापूरचं शिबिर होतं, आणि तिथल्या आया फक्त पूजाला ओळखत होत्या. दोन्ही कारणं खरी होती. आधी कुठलं सुचलं, हे मात्र त्याला नंतर कितीही आठवून सांगता आलं नाही.

सगळे चहाकडे वळले तेव्हा त्यानं पूजाच्या नावापुढे आठ लिहिलं. सोमवारी तिच्याशी निवांत बोलायचं ठरवलं. सोमवारी ठाण्याहून पाहुणे आले.

पूजानं जाताना तक्ता पाहिला. पुढच्या शनिवारी तिनं स्वतःहून आठ सांगितलं. त्यापुढचे दहा शनिवारही आठ. ठाण्यानं मुरबाडला सर्वांत समाधानी गट म्हणून प्रमाणपत्र दिलं. ते घेतानाच्या फोटोत पूजा हसते आहे. त्यानंतरच्या शनिवारी ती आली नाही. फोनही लागेना.

मंगळवारी हरेश तिच्या घरी गेला. ओटीवर तिची आई अंबूबाई वाल सोलत होती. तिनं पाणी दिलं आणि न विचारताच सगळं सांगितलं. पोरगी दोन महिने ताटावर नुसती बसायची. एकदा एसटीतून उतरलीच नाही. पुढं शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं हलवली, तर जागीच होती. मग बाप तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. गोळ्या चालू आहेत. आता झोप लागते.

हरेशनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "गावात कोणाला कळलं नाही ना?"

"सगल्यांना ठावं हाय," अंबूबाई म्हणाली. "ताप आला तर सांगतोच ना आपण? शेजारच्या बाया पाळीपाळीनं बसाया येतात तिच्याजवल. कालची पाळी तर तिच्या होनाऱ्या सासूची व्हती."

हरेशला पाणी संपवायला वेळ लागला.

पूजा बाहेर आली आणि आईशेजारी वाल सोलायला बसली. मुरबाडपासून मोटरसायकलवर हरेशनं माफीचं एक वाक्य घोटून आणलं होतं. त्याऐवजी तो म्हणाला, शहापूरच्या बायका तुझी आठवण काढतात. ती बरं म्हणाली.

"पूजा, त्या शनिवारी तो आकडा मी..."

"सर, तुमी आठ लिवलात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हीच अडचण होती. "मना वाटला, माझाच चुकत असंल. तुमाला अनुभव हाय, तुमी बघून लिवला असंल. मंग मी आठ असल्यासारखीच वागत राह्यले."



"परत ये," हरेश म्हणाला. "तक्ता काढून टाकतो आपण. जागा तुझीच आहे."

"नाय सर." तिनं सोललेले दाणे आईच्या सुपात ओतले. "चा घेऊन जा."

चहा घेतला. घोटलेलं वाक्य तसंच राहिलं.

पुढच्या आठवड्यात पूजाच्या जागेची जाहिरात निघाली. चौतीस अर्ज आले. मुलाखती हरेशनंच घेतल्या, त्याच तक्त्याखाली बसून.