सुट्ट्यांची यादी

"इथे कुणापुढे 'परत जावंसं वाटतं' असं म्हणू नकोस," टाचणीवहिनींनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "मनात हजारदा म्हण. नवऱ्याला म्हण, तेही खिडकी लावून. आपल्या बायकांपुढे मात्र तोंडाला कुलूप. तू नुसता उसासा टाकलास तरी संध्याकाळपर्यंत तुझ्या घरात कोण राहायला येणार ते ठरलेलं असतं."

मी हसले होते. त्या माझ्या पडद्यांना दुमड घालत होत्या आणि ओठांत चार टाचण्या धरून बोलत होत्या. मला वाटलं, बाई जरा नाटकी आहे. शिकलेल्या माणसाला असं वाटतंच.

त्या इमारतीत आमच्या भाषेची सहा घरं होती. तळघरात कपडे धुवायची दोन सामाईक यंत्रं होती आणि जे काही बोलणं व्हायचं ते तिथंच व्हायचं. मी आल्यावर महिन्याभरात सगळ्यांना कळलं की हिला इथली भाषा लिहिता-वाचता येते. मग विजेची बिलं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, घरमालकाच्या नोटिसा असं सगळं माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊ लागलं. मी वाचून सांगायची, अर्ज भरायची, खाली फुली मारून "इथं सही करा" म्हणायची. मला ते आवडायचं. पदवी घेऊन घरी बसलेल्या बाईला कुणी 'तुझ्यावाचून अडतं' म्हटलं की बरं वाटतं.

वहिनींचं तर माझ्यावाचून फारच अडायचं. इस्पितळाचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या कामाला होत्या. तिथं बोलावं लागत नाही, हात चालले की झालं. नवरा लांबच्या खाणीवर होता, दीड महिन्यातून चार दिवस घरी यायचा. आणि त्यांची बयो. साडेचार वर्षांची, गोल कपाळाची, सगळं समजणारी आणि एक अक्षर न बोलणारी. तळघरातल्या बायका तिला मौनीबाबा म्हणायच्या. "मौनीबाबा, आज तरी उपदेश करा," असं म्हणून हसायच्या. वहिनीही हसायच्या. काय करतील?

कोपऱ्यावरच्या पाळणाघरात बयोला जागा मिळाली होती. तिथं बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून तीनदा यायच्या, फक्त तिथल्याच मुलांसाठी. त्यांनी एक चित्रांची वही दिली होती. वहिनी घरी तीच चित्रं आपल्या भाषेत घोटून घ्यायच्या. सात महिन्यांत बयोला चार शब्द आले. पाणी, दार, नको आणि आय. शेवटची 'ई' अजून निघत नव्हती. ज्या दिवशी 'आय' आलं त्या दिवशी वहिनी तीन जिने धावत माझ्याकडे आल्या आणि दारातच मटकन बसल्या.

माझी ठमी दोन वर्षांची. त्याच पाळणाघराच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव पहिलं होतं. पहिलं म्हणजे फार जवळ, आणि कुणीतरी जाईपर्यंत काहीच नाही. मला एका प्रयोगशाळेत नोकरी चालून आली होती. एक तारखेला हजर व्हायचं, नाहीतर दुसरीला देणार. आणि या देशात राहायचा परवाना नवा करायला नवरा-बायको दोघांची नोकरी दाखवावी लागे. आमची मुदत तीन महिन्यांवर आली होती. पाळणाघर नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर परवाना नाही. नवरा रोज कामावरून आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "काही कळलं?"

तशातच वहिनी तापाने पडल्या. मी पेज घेऊन गेले. बयो त्यांच्या पायाशी बसून कापडाच्या चिंध्यांची रांग लावत होती. वहिनींनी कपाळावरची ओली पट्टी उलटी केली आणि म्हणाल्या, "वाटतं गं, उचलावं बोचकं आणि जावं परत. मरायचं तर आपल्या माणसांत मरावं."

"साध्या तापाने कुणी मरत नाही, वहिनी."

"तुला म्हणून बोलले हो. दुसऱ्या कुणाला नाही बोलणार."

दुसऱ्या दिवशी तळघरात रेडिओकाकू भेटल्या. हे नाव त्यांना त्यांच्याच नवऱ्याने ठेवलेलं. काकू पाळणाघराच्या स्वयंपाकघरात भांडी घासायच्या. मी ते सहज बोलून गेले, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. सहज नव्हतं. काकू यंत्रातून चादरी काढेपर्यंत मी थांबले होते. चादरीची दोन टोकं मी धरली, दोन त्यांनी, आणि घडी घालता घालता मी म्हणाले, "वहिनी परत जायचं म्हणतायत."

"अगंबाई! कधी?"

"तसं नक्की नाही. पण म्हणत होत्या."

"म्हणजे नक्कीच." काकूंनी चादर झटकली. "ती तोलूनमापून बोलणारी बाई आहे. आणि तुझ्या ठमीचं नाव पहिलं ना गं यादीत?"

"हो का? मी बघितलं नाही," मी म्हणाले.

आठ दिवसांनी वहिनी पत्र घेऊन आल्या. पाळणाघराचा निळा लिफाफा होता. माझ्या टेबलावर ठेवून त्या समोर बसल्या, हाताची घडी घालून, जशा नेहमी बसायच्या. बयो दाराला टेकून उभी होती.

पत्र चार ओळींचं होतं. आपण देश सोडून जात असल्याचं आमच्या कानावर आलं आहे. आपल्या मुलीची जागा चालू ठेवायची असल्यास खाली सही करून दहा दिवसांत परत पाठवावे. उत्तर न आल्यास जागा यादीतील पुढच्या मुलाला दिली जाईल.

मी ते दोनदा वाचलं. ठमी आत झोपली होती.

"काय म्हणतायत?"

"काही नाही. सुट्ट्यांची यादी आहे."

"कधी आहेत सुट्ट्या?"

याची तयारी मी केली नव्हती. "पुढच्या महिन्यात दोन दिवस," मी म्हणाले. "बारा आणि तेरा."

"बरं झालं आधी कळलं. कारखान्यात सांगून ठेवते." त्यांनी पत्राची नीट घडी केली. "सही-बिही?"

"नको. नुसतं माहितीसाठी आहे."

ध चा मा करायला निदान लेखणी उचलावी लागते. मला तेवढेही कष्ट पडले नाहीत.

नंतरचे दहा दिवस मी मोजले. चौथ्या दिवशी वहिनींनी आमच्याकडे गाजराच्या हलव्याची वाटी पाठवली. सातव्या दिवशी वाटलं, अजून जाऊन सांगता येईल, वाचताना चूक झाली म्हणता येईल. नवव्या दिवशी ठमीला ताप आला आणि मला वाटलं, ही शिक्षा. दहाव्या दिवशी ताप उतरला. अकराव्या दिवशी आम्हाला निळा लिफाफा आला. नवऱ्याने ठमीला छताला टेकेल इतकी उंच उचलली.

एक तारखेला सकाळी मी तिला घेऊन गेले. मुद्दाम लवकर, म्हणजे गाठ पडायला नको. पण वहिनी आधीच तिथे होत्या. दालनाच्या भिंतीवर खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीखाली एक चित्र. बयोची छत्री. मुख्य बाईंनी छत्रीच्या खुंटीवरून बयोची पिशवी काढून वहिनींच्या हातात दिली होती आणि त्या सावकाश, मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं बोलत होत्या. वहिनी मान डोलावत होत्या. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"आलीस? देवासारखी आलीस. काय म्हणतायत गं या?"

मुख्य बाई माझ्याकडे वळल्या. "यांना सांगा, आम्ही पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. आता नाव परत यादीत, शेवटी. चौदा महिने तरी लागतील."

चौदा महिन्यांनी बयो शाळेच्या वयाची होणार, म्हणजे पाळणाघर कायमचं बंद आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईही बंद. मला ते कळत होतं. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नियम बदललाय, वहिनी," मी म्हणाले. "चार वर्षांवरची मुलं घेत नाहीत आता."

"पण मग... तो समोरचा पोरगा तर पाच वर्षांचा आहे. तो कसा?"

"त्याचं वेगळं असेल."

"विचार ना त्यांना. नीट विचार. म्हणावं, चार शब्द आलेत हिला. म्हणावं, दोन महिने द्या नुसते."

मी मुख्य बाईंकडे वळले आणि विचारलं, "ठमीचा डबा कुठे ठेवायचा?" त्यांनी बोट दाखवलं. मी वहिनींना म्हणाले, "नाही म्हणतायत."

मुख्य बाईंनी ठमीचा कोट घेतला आणि छत्रीच्या खुंटीला अडकवला. बयोने तो काढला. त्यांनी पुन्हा लावला. बयोने पुन्हा काढला आणि खणखणीत म्हणाली, "नको."

"बघा! बोलली, बघा!" वहिनी मुख्य बाईंना आपल्याच भाषेत सांगू लागल्या. मुख्य बाई छान हसल्या आणि त्यांनी दार उघडून धरलं.

मी कामाला लागले. परवाना नवा झाला. वहिनींनी कारखाना सोडला आणि कामाचे गठ्ठे घरी आणू लागल्या. दुमड घातलेला गठ्ठा पोचवायला जाताना बयोला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायच्या. जाऊन यायला चाळीस मिनिटं. सुट्टीच्या दिवशी मला वर माझ्या घरात ऐकू यायचं. रडणं नाही, चमच्याने दारावर एकसारखं ठोकणं. पहिल्या महिन्यात मधूनच "दार" असंही ऐकू यायचं. मग नुसता चमचा.

वहिनींना ते कळलं कसं, तर हसतखेळत. तळघरात रेडिओकाकूंनी त्यांना विचारलं, "काय गं, जाणार जाणार म्हणून पाळणाघराचं पत्रसुद्धा गिळून बसलीस, आणि अजून इथंच? पोरीची जागा उगाच घालवलीस." वहिनी तडक घरी गेल्या. ते पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं, सुट्ट्यांच्या तारखा म्हणून. ते घेऊन त्या कारखान्यातल्या मुकादमाकडे गेल्या आणि त्याच्याकडून खाणाखुणांनी समजावून घेतलं. हे मला काकूंनीच मागाहून सांगितलं.

त्याच संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. मनात म्हटलं, शिव्या देतील, नवऱ्यासमोर सांगतील, केस धरतील. त्यांनी विजेचं बिल टेबलावर ठेवलं आणि हाताची घडी घातली.

"वाच."

मी वाचलं.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"आता तारीख वाच." डोळे माझ्या ओठांवर. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर त्या प्रत्येक पत्र घेऊन यायच्या. जाहिरातीचे कागद, पिझ्झ्याची पत्रकं, काहीही. "वाच. पुन्हा वाच." एक उणा शब्द नाही, एक दूषण नाही. एकदा ठमीचा झगा उसवला होता, तो न सांगता शिवून आणून दिला. मी दार लावून त्याची प्रत्येक शिवण उलटी केली, बोटांनी चाचपली, दिव्याखाली धरली. टाचणी नव्हती. मी ती शोधली, याचीच मला शिसारी आली, आणि तरी झगा ठमीच्या अंगावर चढवला नाही.

एका रविवारी मी नवऱ्याला म्हणाले, "आपण परत जाऊ."

"वेड लागलंय? आत्ता कुठे सगळं जमलंय."

"मला इथं राहवत नाही."

"कारण तरी सांग."

आईची तब्येत म्हणाले. ठमीवर आपले संस्कार म्हणाले. हवा मानवत नाही म्हणाले. तीन महिने भांडले, शेवटी त्याने हात टेकले. अजूनही तो लोकांना सांगतो, "हिला आईवाचून करमेना." देश सोडताना एक अर्ज भरावा लागतो. त्यात कारणांचे चौकोन असतात, नोकरी, प्रकृती, कुटुंब, इतर. इतरपुढे दोन ओळी रिकाम्या होत्या. मी 'कुटुंब'वर फुली केली.

निघायच्या दिवशी खाली उतरताना तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार उघडं होतं. बयो उंबऱ्यात बसली होती. मी वाकून तिला म्हटलं, "बयो, मी जाते हं." तिने माझ्याकडे बघितलं आणि आपल्या हाताने दार लावून घेतलं.

आता तिथं त्यांची पत्रं वाचणारं कुणी नाही. बाकीच्या बायकांना वाचता येत नाही आणि रेडिओकाकूंना येत असतं तर जास्तच वाईट झालं असतं. घरी आणलेलं शिवणकाम नोकरी म्हणून धरत नाहीत. त्यांच्या परवान्याची मुदत याच वर्षी संपते. त्याचं पत्र आलं असेल किंवा येईल, आणि त्यावरही काही दिवसांची मुदत असेल. मी फोन करते. पहिल्यांदा उचलला गेला होता. पलीकडून श्वास ऐकू आला आणि बंद झाला. आता वाजत राहतो.

तुम्ही जर अशा एखाद्या इमारतीत राहत असाल, जिथं आपल्या भाषेची पाच-सहा घरं आहेत, तळघरात धुण्याची यंत्रं आहेत आणि तिसऱ्या मजल्यावर दुपारी बाहेरून कुलूप दिसतं, तर वहिनी परत येईपर्यंत जिन्यात थांबा. आलेली पत्रं मागा आणि आहे तसं वाचून दाखवा. माझी ओळख सांगू नका. आणि निघण्याआधी त्या मुलीला काहीतरी विचारा, काहीही, पाणी हवं का असंही चालेल. मग घाई करू नका, तिला वेळ लागतो. बघा, ती अजून काही बोलते का.