बारावं पान

महानंदा सिस्टरचा संशय जुनाच होता. नवे डॉक्टर फक्त निमित्त झाले.

मुखेड तालुक्यात रस्त्याकडेला सुखदा रुग्णालय आहे, एका ट्रस्टचं, वीस खाटांचं. एकोणीस वर्षं महानंदा तिथली इनचार्ज. डॉक्टर आले नि गेले, बाई जागची हलली नाही. उन्हाळ्यात डॉ. अश्वजित सोनकांबळे रुजू झाले. त्यांनी दोन महिने जुनी रजिस्टरं चाळली आणि एक दिवस बाईला बोलावून म्हणाले, "सिस्टर, एक गंमत सापडली. तुम्ही रजेवर असता त्या दिवशी आपण नांदेडला दुप्पट पेशंट पाठवतो. म्हणजे दवाखाना चालतो तो तुमच्या डोक्यावर. आणि ते डोकं संध्याकाळी घरी जातं."

दुसरी एखादी असती तर फुलली असती. महानंदाच्या मनात पहिलं आलं ते हे, की हा माणूस माझ्या रजा मोजून राहिलाय.

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. बाईला जे जे ठाऊक आहे ते कागदावर यावं, म्हणजे बाई नसली तरी नवख्या पोरींना कळावं. रोज दुपारी तीन ते चार बाईनं सांगायचं आणि ऋतुजानं लिहायचं. ही ऋतुजा शिरूर अनंतपाळची, सहा महिन्यांपूर्वी लागलेली नर्स. अक्षर मोत्यासारखं आणि प्रश्न संपता संपत नाहीत. "सिस्टर, हे वळखायचं कसं? सिस्टर, आधी काय बघायचं?" बाईला वाटायचं, ही पोर लिहून नाही राहिली, आपली जागा मापून राहिली.

आता यात बाईचं सगळंच चुकलं असं कोणी म्हणू नये. लातूरच्या एका खासगी दवाखान्यात तिनं तरुणपणी अशीच एका पोरीला विद्या दिली होती, हात धरून, घरचा डबा खाऊ घालून. सहा महिन्यांत पोर तयार झाली आणि सातव्या महिन्यात मालक म्हणाले, बाई, तुम्ही उद्यापासून नाही आलात तरी चालेल. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यात एका दुपारी डॉक्टरांना फोनवर बोलताना तिनं दाराआडून ऐकलं. "हो, महानंदा सिस्टरांकडचं एकदा सगळं निघू द्या, मग बघू."

मग बघू! काय बघणार, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून तिनं ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगायचं, पण सगळं नाही. विंचू सांगितला, झटके सांगितले, पोरांचे जुलाब सांगितले. चाळीस पानं भरली, प्लास्टिकच्या कागदात घालून फाईल झाली. तीन गोष्टी मात्र तिनं मुठीत ठेवल्या. तिनं त्या पुस्तकात वाचल्या नव्हत्या. समोर माणसं दगावताना शिकली होती. या तिन्हींसाठी तरी मला ठेवावं लागेल, असा तिचा हिशेब.

बारावं पान पोटदुखीचं. ऋतुजानं विचारलंही होतं, "सिस्टर, पोटदुखीचं एवढंच?"

"एवढंच," बाई म्हणाली आणि चहाला उठली.

या सगळ्या गडबडीत एकच माणूस होता ज्याच्यावर तिचा संशय नव्हता, तो म्हणजे फाटकावरचा राखणदार ग्यानोबा. वीस वर्षं तो आपलं लाकडी स्टूल फाटकापाशी टाकून बसे. औषधांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असे आणि बाईनं हात पुढं केला की तो काही न विचारता ती देई. त्याची खाट कायम कुठल्या तरी पेशंटच्या नातेवाइकाला दिलेली. स्वतः व्हरांड्यात सतरंजीवर.

पोळ्याला बाई लेकीकडे, शिल्पाकडे, लातूरला गेली. दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, साडेसातला फोन वाजला. ऋतुजा.

"सिस्टर, ग्यानोबामामाच्या पोटात पहाटंपासून लई दुखून राहिलंय. रात्री पुरणपोळ्या लई खाल्ल्या म्हणत्यात. बारावं पान बघून इंजेक्शन दिलं. पन आता पानी गिळंना झालंय त्यांना. ते पानावर न्हाई. काय करू?"

महानंदाच्या हातातली कपबशी तशीच राहिली. पावसाळा, पहाटेची वेळ, जमिनीवर निजलेला माणूस, पोटात कळ. मुठीतली पहिली गोष्ट हीच तर होती.

पण सवय वाईट. ओळखलं त्याच क्षणी संशयही आला. बरोबर बाराव्याच पानावर कसं बोट पडलं? डॉक्टर शेजारी उभे असतील, बाई काय दडवून बसली ते काढून घ्यायला पोरीला फोन लावायला लावला असेल.

"डॉक्टर कुठं हायत?" तिनं विचारलं.

"नांदेडहून येऊन राहिलेत. तास लागंल."

"मंग पान परत वाच नीट. अपचन असंल," असं म्हणून बाईनं फोन ठेवला.

भिंतीवरचं घड्याळ समोर होतं. चहाला साय धरली. शिल्पा काहीतरी विचारत होती, ते बाईच्या कानात शिरत नव्हतं. ग्यानोबा नाटक करणाऱ्यांतला नव्हता, हे तिला एकोणीस वर्षांपासून ठाऊक होतं. आणि ते आठवायला तिला अकरा मिनिटं लागली. मग तिनं स्वतः फोन लावला.

"पोरी, त्याच्या पापण्या बघ. उघड्या राहतात का?"

पलीकडे पळापळ ऐकू आली. मग ऋतुजाचा रडवेला आवाज, "न्हाई वो सिस्टर. मिटून चालल्यात. बोलनं बी जड झालंय."

"मण्यार चावलीय त्याला! झोपेत चावते, दुखत न्हाई, वळ उठत न्हाई, नुसतं पोट दुखतं. डॉक्टरला फोन लाव, ते सांगतील तशी सापाची लस चालू कर. गाडी काढ नांदेडला. आन् श्वासाचा फुगा तोंडाशी धर, श्वास थांबला तर दाबत ऱ्हा. हात मोडला तरी सोडू नको!"

ग्यानोबाचा श्वास गाडी फाटकाबाहेर पडायच्या आधीच थांबला. नांदेडपर्यंत ऋतुजा फुगा दाबत गेली. नऊ दिवस तो मशीनवर होता. दहाव्या दिवशी त्यानं डोळे उघडले.

बाई करीच्याच दुपारी एसटीनं परत आली होती. तिला वाटलं, आता कोणी तरी विचारेल. पण कोणाच्याच मनात तसलं आलं नव्हतं. माणूस आहे, एखादी गोष्ट राहून जाते, असं सगळ्यांनी धरलं. उलट डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही लातूरहून माणूस वाचवलात." बाईला ते शब्द कानफटात मारल्यासारखे लागले. शिवी दिली असती तर तिला जेवण तरी गेलं असतं.

तीन आठवड्यांनी ग्यानोबा परत आला. अंगावरचा सदरा लोंबत होता, आवाज बसलेला. दुपारी तीनची वेळ. ऋतुजा फाईल उघडून बसली होती, डॉक्टर उभे होते. ग्यानोबानं सीताफळांची पिशवी बाईपुढं ठेवली.

"तुमी हुता म्हनून वाचलो, बाई."

महानंदानं पिशवीला हात लावला नाही. फार दिवस साठलेलं एकदम वर आलं.

"ग्यानोबा, ते मला आधीच ठावं होतं. पान लिहिताना मी मुद्दाम सोडलं. आन् त्या सकाळी पहिल्या फोनलाच वळखलं होतं मी. तरी ठेवला फोन. वाटलं, मला काढून टाकायला डाव करून राहिलेत हे लोक."

ऋतुजाचा पेन हवेत तसाच राहिला. डॉक्टर खिडकीकडे बघू लागले. ते "मग बघू" कशाबद्दल होतं, हे तिला आता विचारता आलं असतं, पण विचारायचं तोंड राहिलं नव्हतं.

ग्यानोबानं बाईकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोसवला असता. तो तिला फाटकावरून आत घुसणाऱ्या अनोळखी माणसासारखं निरखत होता.

"अशा आनखी किती हायती?" त्यानं विचारलं.

"दोन," महानंदा म्हणाली. "एक फवारनीच्या पेशंटची. एक बाळंतिनीची."

ग्यानोबा बाहेर गेला. बाईला वाटलं, गेला. पण तो परत आला तो फाटकावरचं आपलं स्टूल घेऊन. ते त्यानं टेबलाला लागून ठेवलं, बाईच्या बरोबर समोर, आणि त्यावर बसला. किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घट्ट धरलेला.

"सांगा," तो म्हणाला. "समदं सांगून हुईस्तोवर मी हितंच हाय."