मोठ्या फिल्मचा कॅमेरा

माझ्या सिनेमासाठी कॅमेरा निवडताना मी मोठ्या, रुंद पट्टीच्या फिल्मवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचाच हट्ट धरला. चित्र भव्य दिसतं म्हणे! तो चालताना गिरणीसारखा घरघरतो, हे साउंड सांभाळणाऱ्या बहिणीने बजावलं होतं. "आवाजाचं नंतर बघू," म्हणत मी तिला उडवून लावलं.

आज एवढ्याशा खोलीत आमच्या नाटकवाल्या मावशीने मरणपंथाला लागलेल्या आईच्या भूमिकेतले शेवटचे शब्द कुजबुजत म्हटले. सगळ्यांचे डोळे पाणावले. मी 'कट' म्हणताच बहिणीने हेडफोन माझ्या कानांवर चढवले. नुसती घरघर! मावशीचा एक शब्द धड ऐकू येईना.

"मावशी, पुन्हा एकदा करूया?"

"माझंच काहीतरी चुकलं असेल रे," ती डोळे पुसत म्हणाली.

बहीण बघत होती. तरी मी मान डोलावली.