विल्फ थ्रेलफॉल यांचं मत

“निळ्यांना मत? परत?” विल्फ थ्रेलफॉल इतक्या तावातावानं उठायला गेले, की त्यांचं डायलिसिसचं मशीन किंचाळायला लागलं.

“हात हलवू नका,” मी मशीनचं तोंड बंद करत म्हटलं. “सुई निघाली तर रक्त मला पुसावं लागेल.”

“मला काय सांगतेस, हेझेल, हिला सांग! एवढी वर्षं निळ्यांनी आपली वाट लावली, आणि ही बाई—”

“परत देणार असं कोण म्हणालं?” शेजारच्या खुर्चीतून बेरिल क्लेग म्हणाल्या. “माझी आजी निळ्यांना मत द्यायची, आई द्यायची, मीही दिलं. पुरे झालं. या वेळी त्या नव्या पार्टीला देणार. ते ओरडणारे.”

“ओरडणारे! अगं, काय बघून?”

“निदान ओरडतात तरी. तुझे लालवाले तर हल्ली नुसते हसतात.”

तिसऱ्या खुर्चीतले डेस्मंड ब्रेथवेट डोळे मिटून पडले होते. ते डोळे न उघडताच म्हणाले, “ओरडणारे मला परत बार्बाडोसला पाठवणार आहेत म्हणे. तिथं समुद्राकाठी डायलिसिस असेल तर माझी हरकत नाही.”

“मग तू तरी लालना दे,” विल्फ म्हणाले.

“मी कुणालाच देत नाही बाबा. पन्नास वर्षं देऊन बघितलं.”

ब्रॅकनशॉ गावातल्या आमच्या डायलिसिस युनिटमध्ये मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारी हे तिघं यायचे. चार तास मशीनला जोडलेले, जायला जागा नाही, पाणीसुद्धा मोजून प्यायचं म्हणून चहा अर्धाच कप. मग भांडायचं नाही तर करायचं काय? डेस्मंड ओतकामाच्या कारखान्यात होते. बेरिलबाई बेकरीत काउंटरवर चाळीस वर्षं उभ्या राहिल्या. विल्फ एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. पण ते बसपेक्षा पक्षाबद्दल जास्त बोलत. एकोणिसाव्या वर्षी ते लाल पक्षाचे सभासद झाले. दर निवडणुकीला ते रजा टाकत आणि स्वतःच्या गाडीतून म्हाताऱ्याकोताऱ्यांना मतदानाला नेऊन आणत. बायको मुरियल जिवंत असताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्रकांच्या घड्या घालत बसायची. मूत्रपिंडं गेली, गाडी विकली, मुरियल गेली. सभासदत्व मात्र त्यांनी सोडलं नाही.

मे महिन्यात निवडणूक जाहीर झाली आणि त्याच आठवड्यात आम्हाला पत्र आलं. सप्टेंबरपासून युनिट बंद. रुग्णांची सोय शहरातल्या नव्या, अद्ययावत केंद्रात. अंतर अडतीस मैल. न्यायला-आणायला गाडी येईल, पण ती वाटेत आणखी चार ठिकाणी थांबेल.

बेरिलबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. “मी नाही जायची,” त्या म्हणाल्या. आम्हाला वाटलं, सगळेच म्हणतात तसं.

विल्फनी मात्र कंबर कसली. आमच्या मतदारसंघातल्या लाल उमेदवाराला त्यांनी डाव्या हातानं, कारण उजव्या हातात सुया असायच्या, चार पानी पत्र लिहिलं. अक्षर वेडंवाकडं, पण मजकूर चोख. दहा दिवसांत उत्तर आलं. उमेदवार स्वतः भेटायला येणार होता.

“बघ,” विल्फ बेरिलबाईंना म्हणाले. “तुझ्या ओरडणाऱ्यांपैकी कोणी आलं?”

गॅरेथ हॉलवर्थ चौतिशीतला, शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या, सोबत फोटो काढणारी एक मुलगी. सगळ्यांशी त्यानं ओळख करून घेतली. बेरिलबाईंच्या मांडीवरचं विणकाम बघून “वा” म्हणाला. मग विल्फच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसला.

“साधा प्रश्न आहे,” विल्फ म्हणाले. “तुम्ही निवडून आलात तर हे युनिट राहणार का?”

“विल्फ, तुमच्यासारख्या माणसांमुळेच मी राजकारणात आलो.”

“ते बरं केलंत. पण युनिट?”

“सत्तेवर आल्यावर आम्ही सगळ्याचाच नीट आढावा घेणार आहोत.”

“आढावा,” डेस्मंड डोळे मिटून म्हणाले. “म्हणजे गेलं.”

“मी खोटं आश्वासन देणार नाही,” हॉलवर्थ म्हणाला. तो खरं बोलत होता, हे मला तेव्हाही जाणवलं. आम्हाला मात्र खोटं आश्वासन दिलं असतं तरी चाललं असतं. त्यानं विल्फच्या खांद्यावर हात ठेवला, मुलीनं फोटो काढले आणि अकरा मिनिटांत ते गेले.

“माणूस प्रामाणिक आहे,” थोड्या वेळानं विल्फ म्हणाले.

त्यानंतरच्या शनिवारी बेरिलबाई आल्या, पण कोट काढेनात. खुर्चीवर न बसता तिच्या हातावर टेकल्या.

“आज नको जोडूस, हेझेल. मी थांबवतेय. डॉक्टरांशी बोलले, सही पण केली. तुम्हा लोकांना सांगितल्याशिवाय कसं जाणार, म्हणून आले.”

नर्स म्हणून सव्वीस वर्षांत मी हे अनेकदा पाहिलं आहे. डायलिसिस थांबवलं की माणूस आठवडाभर राहतो, फार तर दोन आठवडे. विल्फनाही ते ठाऊक होतं.

“बेरिल,” ते म्हणाले, “निळ्यांना दे. ओरडणाऱ्यांना दे. कुणाला हवं त्याला मत दे, मी चकार शब्द बोलणार नाही. पण हे नको.”

“मतासाठी करतेय का मी हे, खुळ्या? अडतीस मैल जायचं, अडतीस यायचं, आठवड्यातून तीनदा. अठ्ठ्याहत्तर वय झालं माझं. मधल्या दिवशी नुसती झोपून राहणार. त्याला जगणं म्हणायचं?”

“सप्टेंबरला वेळ आहे अजून.”

“तोवर माझी हिंमत राहायची नाही.” त्या उठल्या आणि डेस्मंडच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. “आज माझं मन पक्कं आहे.”

त्या गेल्यावर मी त्यांचं न वापरलेलं मशीन बंद केलं.

सोमवारी विल्फच्या घरी पक्षाकडून घरोघर वाटायच्या पत्रकांचा गठ्ठा आला. तीनशे पत्रकं, नेहमीच्याच गल्ल्या. पहिल्या पानावर फोटो. खुर्चीत विल्फ, खांद्यावर हॉलवर्थचा हात आणि मागे, जराशा धूसर, मान खाली घालून विणणाऱ्या बेरिलबाई. खाली मोठी अक्षरं : ‘आपल्या रुग्णांच्या पाठीशी’. आत युनिटबद्दल एक ओळही नव्हती.

विल्फनी ती पत्रकं वाटायला घेतली. मंगळवारी मी विचारलं, तर म्हणाले, “कबूल केलं होतं.” दोन दिवसांत दीडशे झाली होती. बेरिलबाईंची गल्ली बुधवारसाठी ठेवली होती.

बुधवारी माझी सुट्टी होती. मी बेरिलबाईंकडे बसले होते, तेव्हा खिडकीतून मला विल्फ दिसले. खांद्याला पिशवी, काठी टेकत टेकत एकेका दाराशी थांबत होते. बेरिलबाईंच्या दाराशी आले आणि हातात पत्रक घेऊन नुसतेच उभे राहिले. टाकेनात, पुढेही जाईनात.

“आत ये की,” बेरिलबाईंनी पलंगावरून हाक मारली. “उन्हात का उभा आहेस, पोस्टमन आहेस का?”

ते आत आले. खोलीत चहाचा वास भरला होता. बेरिलबाईंच्या शेजारी मोठी किटली आणि केळ्याची दोन सालं पडलेली. आमच्याकडे केळ्याला मनाई आणि चहा मोजून. त्यांचा चेहरा सुजला होता, पण डोळे लख्ख होते.

“तिसरा मग आहे हा,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांत पहिल्यांदा तहान भागली रे. दाखव, काय आणलंस?”

विल्फनी पत्रक मागे धरलं.

“दाखव म्हणते ना.”

त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांना हसू फुटलं, खोकला येईपर्यंत त्या हसल्या. “काय ग बाई! आयुष्यात एकदा छापून आले, तेही लालवाल्यांच्या कागदावर. आईनं पाहिलं असतं तर घरात घेतलं नसतं. आणि केस बघ माझे. जरा सांगायचं तरी, विंचरले असते.”

“चुकलं माझं,” विल्फ म्हणाले.

“केसांचं? अरे, असू दे.”

“मी त्याला बोलावलं, बेरिल. मला वाटलं होतं—”

“माहितेय मला काय वाटलं होतं ते. बस. चहा घे. तुझा अर्धा कप, मी जास्त देणार नाही.”

विल्फ बसले. अर्धा कप चहा त्यांनी तासभर पुरवला. दोघं पूर्वी गावात असलेल्या दुकानांबद्दल बोलत राहिले. कुठलं कुठे होतं, आता तिथे काय आहे. बहुतेक ठिकाणी काहीच नव्हतं.

बेरिलबाई पुढच्या सोमवारी पहाटे गेल्या. मंगळवारी त्यांच्या खुर्चीवर दुसरा माणूस आला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. त्यानं विचारलं, “मग, कोण येणार म्हणता निवडून?” तेव्हा डेस्मंड म्हणाले, “कोणी का येईना,” आणि डोळे मिटले.

गुरुवारी मतदान होतं. विल्फ सकाळी मत देऊन येतील असं मला वाटलं होतं. नेहमी सात वाजता रांगेत पहिले असत. पण ते आले ते मत न देताच; बसचा पास, ओळखपत्र म्हणून चालतो तो, खिशात तसाच होता. मशीनवर त्यांचं ब्लड प्रेशर उतरलं, पाय वर करून पडून राहावं लागलं. घरी नेणारी गाडी सातपर्यंत आली नाही. माझी पाळी संपली होती.

“चला, मी सोडते,” मी म्हटलं.

गाडीत बसल्यावर ते काही वेळानं म्हणाले, “चर्चच्या हॉलवरून घेशील?”

मतदान रात्री दहापर्यंत चालतं, आणि उन्हाळ्यातलं ऊन अजून बरंच होतं. हॉलच्या दाराशी लाल पक्षाचं कापडी फूल लावलेली नोरा घडीच्या खुर्चीवर वही घेऊन बसली होती. तिथं प्रत्येक पक्षाचा माणूस येणाऱ्याला मतदार क्रमांक विचारतो, कोण आलं कोण राहिलं ते कळावं म्हणून. हे कामही विल्फनी अनेक वर्षं केलेलं. नोरानं त्यांना बघून हात केला. ते आत गेले.

मी गाडीत वाट बघत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पुन्हा चक्कर आली की काय म्हणून मी दार उघडणार, तेवढ्यात ते बाहेर आले.

“नंबर, विल्फ?” नोरानं पेन्सिल उचलली.

“आज नको, नोरा.”

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. ते येऊन गाडीत बसले. पट्टा लावला नाही. मीही गाडी चालू केली नाही.

“मतपत्रिका कोरी टाकली,” ते म्हणाले.

मी किल्लीवरचा हात काढला.

“पेन्सिल टेकवली होती. त्याच्याच नावापुढं. हात पुढं सरकेना.” ते आपल्या हाताकडे बघत होते. सुयांच्या जागी लावलेल्या पट्टीवर रक्ताचा एक ठिपका आला होता. “सत्तावन्न वर्षांत असं कधी झालं नाही.”

“मग आला नसतात तरी चाललं असतं.”

“न येऊन कसं चालेल?” ते दचकून म्हणाले. जणू मी भलतंच काही बोलले होते.

तेवढ्यात फाटकातून एक म्हातारी चालण्याचा आधार पुढं सरकवत आली. आधाराला तिनं एक केसाळ कुत्रा बांधला होता. दारावर पाटी होती, कुत्र्यांना आत मनाई. तिनं पाटी वाचली, कुत्र्याकडे पाहिलं, मागे रस्त्याकडे पाहिलं. परत जायच्या बेतात होती.

विल्फ गाडीतून उतरले. काठी गाडीतच राहिली.

“द्या इकडं,” ते तिला म्हणाले. “मी धरतो.”

तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिला ते ओळखीचे नसावेत. “तुम्ही कुठल्या पार्टीचे?”

विल्फनी दाराशी बसलेल्या नोराकडे एकदा पाहिलं.

“कुणाचाच नाही,” ते म्हणाले. “मी नुसता कुत्रा धरतो. तुम्ही जाऊन या सावकाश.”

म्हातारी आत गेली. कुत्रा तिच्यामागे जायला ओढत होता. विल्फनी दोरी पट्टी नसलेल्या हाताला दोनदा गुंडाळून घेतली, पाय जरा फाकवून घट्ट रोवले आणि दाराकडे पाठ करून ते तिथंच उभे राहिले.