मोठ्या अक्षरांतलं भाषण

दीक्षान्त समारंभाचं भाषण बाईंनी नेहमीप्रमाणे लिहिलं, मोठ्या अक्षरांत छापलं आणि फाइलीत घालून नवऱ्याच्या हातात दिलं. कुलगुरूंनी ते नेहमीप्रमाणे उघडूनही पाहिलं नाही. थेट व्यासपीठावर वाचलं की आवाजात ताजेपणा राहतो, असं ते चारचौघांत सांगत. लोक माना डोलवत. हा माणूस निव्वळ आळशी आहे, हे वीस वर्षांत फक्त बाईंना कळलं होतं.

विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलगुरू. वरच्यांची हांजी हांजी करत गडी इथवर पोचला, आणि दर पायरीवरचं भाषण बायकोचं. एकदा तर कंसातलं 'इथे थांबा' हेही त्यांनी खड्या आवाजात वाचलं होतं. सभागृहाला तो तरुणांना दिलेला संदेश वाटला.

बाई त्याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत. शेवाळांवरचं त्यांचं संशोधन अर्धवट पडलं होतं आणि अभ्यासरजेचा अर्ज तीन वर्षं कुलगुरूंच्या खालच्या खणात. पुढच्या महिन्यात पंचावन्न पूर्ण झाली की रजेचा हक्कच संपणार होता.

"घरच्या माणसाला रजा दिली तर लोक काय म्हणतील?" असं ते म्हणत. मग हळूच, "आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचं कोण बघणार?" खरं कारण हे दुसरं. बाईंना या सबबींची किळस आली होती.

समारंभात बाई लेकीशेजारी बसल्या. आज नेमकी नवऱ्याने फाइल चाळली असेल तर सगळंच मुसळ केरात.

कुलगुरूंनी झग्याची बाही सावरून चौथं पान उलटलं. "संशोधनाला वाव देण्याची सुरुवात आपण घरापासून केली पाहिजे. म्हणून माझ्या पत्नीची तीन वर्षं रखडलेली अभ्यासरजा मी आज मंजूर करत आहे. कुलसचिवांनी आजच आदेश काढावा."

अधोरेखित शब्दांवर आवाज बरोबर जड झाला. कंसात होतं तिथे ते थांबलेही. टाळ्यांच्या कडकडाटात आपण काय बोललो ते त्यांना उमगलं. चेहरा पडला, पण समोर कॅमेरा होता. ते हसले आणि पुढचं वाचू लागले, कारण स्वतःचं असं बोलायला त्यांच्यापाशी काहीच नव्हतं.

"आई, हे तू..." लेक कुजबुजली.

"ऐक. पाचवं पान चांगलं आहे."

संध्याकाळी सहीचा आदेश पर्समध्ये घालून बाई गाडीत बसल्या. कुलगुरू फुगून बसले होते. अर्ध्या रस्त्यात ते म्हणाले, "मला मान खाली घालायला लावलीस."

"अहो, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते."

घराचं फाटक दिसलं तसे ते चुळबुळले. ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये म्हणून तोंड बाईंच्या कानाशी नेलं.

"आठ तारखेला उद्घाटन आहे. त्याचं भाषण... लिहून ठेवलंयस ना?"