चार मैल, एकोणतीस मिनिटं

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना कापडी बूट आहे, उजव्या पायाचा. माझा तपकिरी रंग केव्हाच उडाला, टाच झिजली आणि तळवा पुढून चांगला चार बोटं उसवला आहे. शेजारच्या खिळ्याला टांगलाय तो माझा डावा भाऊ. तो पहिल्यापासून मुखदुर्बळ. बोलायची खोड मला, आणि ती मला लावली माझ्या धन्याने. त्या खोडीपायी धन्याने आणि मी जे केलं ते आज सांगून टाकतो. आतल्या आत ठेवून काही हलकं झालं नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. गरम रबराचा वास तेवढा आठवतो. जवानांनी पहाटे कवायतीला घालावेत म्हणून आम्हाला केलं होतं. भिंगारच्या लष्करी छावणीत एका जवानाच्या पायात वर्षभर पळालो. त्याची बदली झाली आणि आम्ही जुन्या बाजारात एका गोणपाटावर येऊन पडलो. तिथून आम्हाला उचललं कानिफनाथाने. हा लष्कराच्या भटारखान्यात रोट्या लाटायचा. रोज पहाटे पलटणीला पळताना बघून बघून त्याच्याही पायांना खाज सुटली होती. त्याच बाजारातून त्याने एक जुनं मनगटी घड्याळ घेतलं आणि तो, घड्याळ आणि आम्ही दोघं भाऊ असं आमचं त्रिकूट जमलं.

भिंगारात सगळेच पळायचे, म्हणून कुणी काही विचारायचं नाही. पण वडील वारले, घरची जमीन बघायला कुणी उरलं नाही, तेव्हा कानिफनाथ गावी परतला. शेवगावच्या पूर्वेकडची ती कोरडी वस्ती. वस्तीपासून सडकेवरचा फाटा बरोबर चार मैल. पहिल्याच दिवशी हा बाबा उजाडताना फाट्याकडे पळत सुटला आणि वाटेतली माणसं भाकरीचं गठुडं टाकून बघत राहिली.

"काय रं नाथा, कोन लागलंय मागं?"

"कुनी न्हाई. हौस म्हनून पळतोय."

"हौस?" म्हाताऱ्या सूर्यभानने डोक्याला हात लावला. "आरं, येवढा जोर हाय तर माझी विहीर खांद की दोन हात!"

खुद्द त्याची बायको केशरबाई म्हणायची, "पळायचंच हाय तर आपल्या जवारीतनं पळा. चार पाखरं तरी उठतील."

हसले, हसू द्यावं आणि गप्प बसावं ना? पण नाही. कानिफनाथाला वाटायचं, आपण नीट समजावून सांगितलं तर लोकांना गोडी कळेल. मग हा गिरणीवर दळण टाकलेल्या बाया बघायचा नाही, न्हाव्यापुढे बसलेला माणूस बघायचा नाही, लागला सांगायला. पहिल्या मैलाला पोटात कसं दुखतं, दुसऱ्याला श्वास कसा लयीत येतो, काल चौतीस मिनिटं लागली आणि आज तेहतीसच. सोयरिकीच्या बैठकीत नवऱ्या मुलाचा बाप हुंड्याचं बोलत होता, तिथे याने मध्येच आपली मिनिटं घुसवली. एकदा तर एका दहाव्याला, माणसं डोळे पुसत बसली असताना, हा शेजारच्याला हळूच म्हणाला, "एकतीसवर आलोय." लाज वाटते सांगायला, पण मी तेव्हा दाराबाहेर पायताणांच्या रांगेत बसून छाती फुगवत होतो. त्या साऱ्या चपला-वहाणांत मिनिटं मोजलेला मीच एकटा, असा माझा तोरा. लोक याला टाळायला लागले. हा दिसला की कुणाला गुरांना पाणी पाजायचं आठवायचं, कुणाला घरी पाहुणा आल्याचं. "आलं मिंटावालं," म्हणायचे आणि कान मिटून घ्यायचे.

ऐकणारं एकच माणूस होतं. शेजारची झुंबरबाई. कानिफनाथाचा लहानपणापासूनचा जोडीदार आसाराम, त्याची ही आई. म्हातारीला घड्याळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हा घामाघूम होऊन आला की शेळीला पाला टाकता टाकता विचारायची, "किती मिंटं लागली रं आज?"

"बत्तीस, मावशी."

"मंग कालच्यापरीस बरं का वंगाळ?"

"एक मिंट जास्त लागलं."

"लागू दे. वारं आडवं आसंल." आणि ती खरोखर हळहळायची. असं माणूस मिळायला नशीब लागतं, मित्रांनो. आम्हाला मिळालं होतं.

१९७१ साल. पाऊस रुसलेलाच होता. दिवाळी झाली आणि वस्तीतली निम्मी घरं ऊस तोडायला निघाली. आसाराम, त्याची बायको लंकाबाई आणि दोन लेकरं पहाटेच बाडबिस्तरा घेऊन फाट्यावर गेली. तिथून टोळीचा ट्रक सकाळी साडेसातला सुटायचा होता. म्हातारी मागे शेळीपाशी राहिली. निघताना तिने लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, तोवर ती धडधाकट होती.

उजाडलं आणि केशरबाईची हाक आली. झुंबरबाई चुलीपाशी कोसळली होती. एक अंग लुळं पडलं होतं, तोंड वाकडं झालं होतं, पण शुद्ध होती. कानिफनाथ उकिडवा बसला, तसा तिने त्याचा सदरा धरला.

"नाथा, आसाला आन. माझ्या तोंडात पानी त्यानंच घालाया पायजे."

वस्तीत सायकल एकच, ती आदल्या दिवशी शेवगावला गेलेली. पावणेसात वाजले होते.

"मावशी, म्या जातो पळत. गाडी सुटायच्या आत गाठतो."

"तूच गाठशील," म्हातारी म्हणाली. "तू रोज पळतूस."

बघा, साऱ्या वस्तीत जी हौस फुकटची ठरली होती, तिच्यावर त्या बाईने आपला शेवटचा घोट सोपवला. कानिफनाथाने आमच्या नाड्या आवळल्या, घड्याळ बघितलं आणि निघाला.

तसं पळणं ना आधी कधी झालं, ना नंतर. धुरळा नव्हता, वारा पाठीवर होता, जमीन आम्हाला पुढे ढकलत होती. पहिल्या मैलापर्यंत माझ्या मनात म्हातारी होती. दुसऱ्या मैलाला तीही होती आणि पळण्याची मजाही होती. तिसऱ्या मैलाला कानिफनाथाने घड्याळ बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, तिथून पुढे मला फक्त मिनिटं दिसत होती.

फाट्यावर ट्रक उभा होता. बायका-लेकरं वर चढून बसलेली, गडीमाणसं खाली चहा पीत होती. आसाराम समोरच होता. कानिफनाथ येऊन थांबला, छातीचा भाता झालेला, तोंडातून शब्द फुटेना. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. याने तो घटाघटा रिकामा केला.

मित्रांनो, आमच्याकडे वाईट सांगावा घेऊन आलेला माणूस निरोप सांगितल्याशिवाय पाण्याला शिवत नाही. हे वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. हा पळत येताना दिसला तेव्हा आसारामचा चेहरा उतरला होता, तो मी पाहिला होता. पण याने पाणी प्यायलं आणि आसारामचा जीव भांड्यात पडला. तो हसला. "हात्तिच्या! आमाला वाटलं काय झालं. वाटं लावाया आलास व्हय?"

आणि श्वास जुळताच कानिफनाथाच्या तोंडून पहिला शब्द काय निघावा?

"एकुनतीस! आसा, चार मैल एकुनतीस मिंटात!"

झालं, सगळे खो खो हसायला लागले. "चला रं, मिंटावालं आलं!" कुणी म्हणालं, "एकुनतीस? गाढवावर बसून आला आसंल!" इथे तरी सांगायचं. पण नाही, याला खोटं पाडलेलं सोसेना. "खोटं वाटतंय? हे बग घड्याळ! पावनेसाताला निगालो, आत्ता..." मनगट पुढे करून हा हिशेब पटवत बसला, आणि मी त्याच्या पायात बसून म्हणत होतो, सांग, सांग, पटवून दे त्यांना! मुकादमाने शिट्टी मारली. माणसं पटापट ट्रकवर चढली. आसाराम वर चढता चढता म्हणाला, "बरं बाबा, एकुनतीस. मायला सांग, मी नीट बसलो गाडीत."

माय म्हटल्याबरोबर याला म्हातारी आठवली. "आसा, थांब! मावशी..." पण इंजिन घरघरलं आणि ट्रक हलला.

मग कानिफनाथ ट्रकमागे धावला. हात वर करून ओरडत होता, "माय! आसा, तुझी माय!" वरच्यांना काय ऐकू येणार? त्यांना एवढंच दिसलं की येडा नाथा आता ट्रकशी शर्यत लावतोय. लेकरं खिदळली. आसाराम फळीला धरून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. "पळ नाथा, पळ! शाब्बास!" साऱ्या ट्रकने टाळ्या धरल्या. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी आमच्या पळण्याचं कौतुक केलं.

पुढे ओढ्यापाशी ट्रक हळू झाला होता. आणखी वीस पावलं आणि हाताला फळी लागली असती. तेवढ्यात दगडाची ठेच लागली, माझा तळवा उसवला, दुमडला, आणि कानिफनाथ तोंडावर पडला. त्या वीस पावलांचं पाप माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.

परतीला दोन तास लागले. झुंबरबाई जागी होती. "गाठलास?"

"गाठलं, मावशी. येतोय मागनं."

तिच्या वाकड्या तोंडावर हसू आलं. "किती मिंटं लागली रं?"

 कानिफनाथ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. केशरबाई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्या फाटक्या तळव्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं असावं, पण ती म्हातारीचे पाय चोळत राहिली. दिवस कलला तसं झुंबरबाईला डोळ्यांनी दिसेनासं झालं. तिने चाचपडत हात पुढे केला. "आलास का, आसा?" कानिफनाथाने चमच्याने तिच्या तोंडात पाणी घातलं आणि म्हणाला, "व्हय, माय." थोड्या वेळाने ती गेली.

सूर्यभानने शेवगावला माणूस धाडून तार केली. आसाराम तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा राख सावडून झाली होती. तो कानिफनाथापुढे येऊन बसला.

"त्या दिशी तू सांगावा घिऊन आल्तास?"

"व्हय."

"आन् म्या टाळ्या वाजवल्या," आसाराम म्हणाला आणि कपाळ बडवून घ्यायला लागला.

वस्तीला बोलायला विषय मिळाला. आईने सांगावा धाडला आन् ह्यो हसत गाडीत बसला, असं गिरणीवर, पाणवठ्यावर, त्याच्या तोंडावरही बोलायला लागले. आसाराम मान खाली घालून म्हणायचा, "व्हय, चुकलंच. माझ्या कानात दगड पडलं हुतं." आणि ज्याने वर्षभर गल्लीतल्या कुत्र्यालाही आपली मिनिटं सांगायची सोडली नव्हती, तो कानिफनाथ शेजारी बसून हे ऐकायचा आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. मी उंबऱ्याबाहेरून तळमळायचो. अरे, नको तिथे एवढं बोललास, आता चार शब्द बोल की!  पापाला घाबरतो माणूस, आणि त्याहून लोकांना.

दहावा उरकला. आसारामला पोटासाठी परत जाणं भाग होतं. त्या सकाळी कानिफनाथाने मला सुतळीने आवळून बांधलं आणि त्याच्याबरोबर निघाला. दोघं चालत होते.  अर्ध्या वाटेवर एका बाभळीपाशी कानिफनाथ थांबला.

"आसा, तुझ्या कानात दगड न्हवतं. म्या सांगितलंच न्हाई."

आसारामने वळून बघितलं.

"पानी प्यालो, आन् आदी मिंटं सांगितली. तुमी हसला तर भांडत बसलो. मावशी मागनं आठवली. लोकं तुला बोलतात ती सारी बोलनी माजी हाईत."

 मला वाटलं, आता आसाराम मारतो. मारायलाच हवं होतं. पण त्याने फक्त खांद्यावरचं गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"नाथा, मंग येवढ्या जोरात पळालास तरी कशापायी रं?"

 उरलेले दोन मैल आसाराम चार पावलं पुढे चालला. ट्रक आला, तो चढला, बसला. मागे वळून बघितलं नाही. कानिफनाथ तिथून तडक गिरणीवर गेला आणि दळणाला आलेल्या साऱ्या माणसांसमोर हेच पुन्हा बोलला. त्या दिवशी त्याचं बोलणं अर्ध्यात टाकून कुणीही उठलं नाही.

पुढच्या साली मोठा दुष्काळ पडला, कानिफनाथ खडी फोडायला गेला, आणि आम्ही दोघं भाऊ या खिळ्यांवर चढलो. तो अजून पहाटे पळतो, अनवाणी. घड्याळ त्याने विकून टाकलं. पळण्याचं कुणापाशी बोलत नाही. मला कुणी शिवावं, तळवा चिकटवावा, असं काही मागणं नाही. मागणं एवढंच की मित्रांनो, तुमची हौस कितीही गोड असो, समोरच्याकडे आधी बघा. त्याच्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते त्याला आधी सांगा. तुमची मिनिटं कुठे पळून जात नाहीत.

लोक दोष कानिफनाथाला देतात. बुटाला काय, तोंड थोडंच असतं, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण ती सकाळ मी हजारदा आठवून पाहिली आहे. त्या फाट्यावर मला तोंड असतं, तर मीही आधी एकोणतीसच म्हणालो असतो.